अकरा डॉलरची दक्षिणा

मित्रांनो, एडिसनमधल्या एका घराच्या गराजमध्ये, रंगाचे जुने डबे आणि बर्फावर घसरायची मोडकी गाडी यांच्या मधोमध जो बसला आहे, तो मी. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. साधासुधा नाही, दोन कप्प्यांचा. एका कप्प्यातली कॅसेट वाजत असताना दुसऱ्या कप्प्यात तिची नक्कल उतरवून घेणारा. माझ्या तारुण्यात ही मोठी अपूर्वाई होती, आणि खरे सांगतो, मला तिचा थोडा तोराही होता. आता माझ्या डाव्या कप्प्याचे झाकण निसटले आहे. आतला पट्टा सैल पडला आहे, त्यामुळे कोणतेही गाणे माझ्या तोंडून दमल्यासारखे निघते. तरी माझी कुणाबद्दल तक्रार नाही. माझ्या वाट्याला जे काम आले, ते फार थोड्या टेपरेकॉर्डरांच्या वाट्याला आले असेल. तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या मुलींनी इतक्या हळुवार हातांनी माझे स्क्रू पिळले की मला दुखलेसुद्धा नाही. मग थर्माकोलच्या गादीत निजून मी जहाजाने अमेरिकेला आलो आणि न्यू जर्सीतल्या एका दुकानात जाऊन बसलो. १९८४ सालच्या थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये राजीवने मला उचलले. राजीव इंजिनिअर. रोज सकाळी एडिसनहून गाडी पकडून न्यूयॉर्कला जायचा. मित्रांकडच्या गझलांच्या कॅसेट त्याला उतरवून घ्यायच्या होत्या. त्याची बायको वीणा एका औषध कंपनीत हिशेबाचे काम करायची. "अजून एक मशीन? घरात ठेवायला जागा आहे का?" असे ती म्हणाली, आणि तिनेच मला फॅमिली रूममध्ये खिडकीजवळची चांगली जागा दिली. वीणाचे नेहमी असेच असे. आधी कुरकुर आणि लगेच सोय.

त्या खिडकीजवळ आरामखुर्चीत राजीवचे वडील बसत. त्यांचे नाव त्र्यंबकराव. पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झाले, मग बायको गेली, तेव्हा मुलाने त्यांना इकडे आणले. मुलगा आणि सून कामावर, नात सुमेधा शाळेत. त्र्यंबकरावांना मोटार चालवता येत नव्हती, आणि मोटारीशिवाय एडिसनमध्ये कुठे जाता येत नाही. ओक ट्री रोडवर तेव्हा आपली दुकाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि तिथेही कुणी नेले तरच जायचे. शेजारच्या गल्लीत असेच मुलाकडे राहणारे जगन्नाथराव होते. त्यांना मोटार येत असे. ते दुपारी हॉर्न वाजवत आणि दोघे मॉलमध्ये चकरा मारून येत. बाकी सारा दिवस खिडकी आणि ते. घरात त्यांना कुणी काही कमी पडू देत नव्हते. पण खिशात हात घातला की जे निघे ते मुलाने दिलेले, आणि ही गोष्ट त्यांना आतल्या आत खात असे.

भाऊबीजेच्या दिवशी तर फारच. त्यांची थोरली बहीण मालिनी सांगलीत राहायची. वडील लवकर गेले तेव्हा या मालूताईने प्राथमिक शाळेत शिकवून भावाला कॉलेजपर्यंत पोचवले होते. पुढे त्र्यंबकराव नोकरीला लागले, आणि बदली कुठेही असो, दर भाऊबीजेला सांगलीला जाऊन आपल्या पगारातून बहिणीच्या ताटात ओवाळणी घालत राहिले. अमेरिकेत आल्यापासून ते बंद पडले. राजीव आत्याला न चुकता पैसे पाठवायचा. त्यावर त्र्यंबकराव म्हणायचे, "ती तुझी माया झाली रे. भावाची ओवाळणी भावाच्या कमाईची लागते."

मालूताईंची सत्तरी उलटली होती आणि गुडघे बोलू लागले होते. आणखी दोन-तीन वर्षांनी त्यांना विमानाचा प्रवास झेपला नसता. त्यांना एकदा इकडे आणायचे, घर दाखवायचे, आणि तेही आपल्या कमाईच्या तिकिटावर, एवढी एकच इच्छा त्र्यंबकरावांनी धरली होती. पण खिडकीत बसलेल्या माणसाने कमाई करायची कुठून?

ती करण्यात हातभार लावायचे भाग्य माझे होते, मित्रांनो.

झाले असे. वीणाची मावसबहीण प्रतिमा कॅनडात टोरांटोला राहायची. तिने नवे घर घेतले होते आणि सत्यनारायण करायचा होता, पण पूजा सांगणारे कुणी मिळेना. ती फोनवर वीणाकडे रडगाणे गात होती. त्र्यंबकरावांचे वडील भिक्षुकी करायचे. लहानपणी त्यांच्यामागे पळी-पंचपात्र घेऊन हिंडता हिंडता सगळ्या पूजा त्र्यंबकरावांना तोंडपाठ झाल्या होत्या. ते म्हणाले, "मी फोनवर सांगतो की." फोनच्या बिलाच्या धास्तीने राजीव दचकला आणि म्हणाला, "बाबा, फोनवर नको, टेप करून पाठवा ना. हे मशीन नुसतंच पडलंय."

नुसते पडलेले मशीन म्हणजे मी. मला जरा लागले, पण मी ते मनावर घेतले नाही.

दुसऱ्याच दिवशी त्र्यंबकराव अंघोळ करून, सोवळे नेसून माझ्यासमोर बसले. त्यांनी माझ्या लाल बटणाला गंध लावले. आजवर मला कुणी गंध लावले नव्हते. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि सुरुवात केली. ते नुसते मंत्र म्हणत नव्हते. समोर यजमान बसला आहे असे समजून बोलत होते. "आता उजव्या हातावर पळीभर पाणी घ्या. सावकाश. सांडलं तरी चालेल, खाली कार्पेट असेल तर ताम्हन सरकवून घ्या. आता आपलं नाव आणि गोत्र म्हणा. मी थांबतो." आणि ते खरेच थांबत. तेवढी शांतता मी इमानाने टेपवर उतरवून घेत असे.

संकल्पात मात्र त्यांची गाडी अडली. आपण कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसून पूजा करतो आहोत, ते त्यात सांगावे लागते. वडिलांची गोदावरी टोरांटोला चालणार कशी? त्यांनी सुमेधाचा शाळेचा नकाशा मागून घेतला, बोट फिरवले, आणि ठणठणीत आवाजात "ओंटारियो सरोवराच्या उत्तर तीरावर" असे म्हणून टाकले. पुढे एडिसनच्या लोकांसाठी रॅरिटन नदी आली आणि इंग्लंडमधल्या लेस्टरसाठी तिथली सोअर नदी. प्रत्येक गावाची कॅसेट वेगळी. नदी चुकीची सांगितली तर पूजा दुसऱ्याच्या पत्त्यावर जाईल, असे ते हसत म्हणायचे, पण नकाशा पुन्हा एकदा बघून घ्यायचे.

प्रतिमाकडची पूजा थाटात झाली. जेवायला आलेल्या प्रत्येकाने ती कॅसेट मागितली. टोरांटोहून ती गोष्ट लेस्टरला कुणाच्या तरी बहिणीकडे गेली, आणि मग मला दम खायला फुरसत मिळेना. माझ्या अंगात एक कळ होती. ती दाबली की नक्कल दुप्पट वेगाने व्हायची. राजीवने ती दाबून दाखवली, तर सत्यनारायणाची कथा उंदरांनी म्हटल्यासारखी ऐकू येऊ लागली. सुमेधा पोट धरून हसली. "आजोबा, यू साउंड लाइक अ चिपमंक." त्र्यंबकरावांनी कळ पुन्हा वर केली. "मंत्र असे पळवायचे नसतात," ते म्हणाले. मग प्रत्येक नक्कल मी सावकाश, चालीचालीने केली. ती होत असताना ते शेजारी बसून ओठ हलवत राहायचे. इतका मान मला कुणी दिला नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

पूजेची किंमत सांगायची नसते, म्हणून त्यांनी ती कधी सांगितली नाही. लोक यथाशक्ती दक्षिणा पाठवत. टोरांटोहून बहुधा अकरा कॅनेडियन डॉलरचा चेक येई, लेस्टरहून पाच पाउंडाचा. काही जण कागदाला एखादे नाणे चिकटवून पाठवत, त्या नाण्यांची देवापुढे वाटी भरत चालली होती. चेक आला की त्र्यंबकराव तो आधी डोळ्यांना लावत, मग मागे सही करून वीणाकडे देत. वीणा कामावरून येता येता तो बँकेत टाके. तिनेच त्यांच्या नावाचे खाते उघडून दिले होते. "किती झाले गं?" ते विचारत. वीणा आकडा सांगे, आणि तो दर वेळी वाढलेला असे. मग ते मॉलला जाताना जगन्नाथरावांना सांगत, "तिकिटाचा एक पंख तर झाला." परत आले की बूट काढता काढता आम्हा सगळ्यांना तेच पुन्हा ऐकवत.

असे दीड वर्ष गेले. १९८६चा उन्हाळा आला. गणपती दोन महिन्यांवर होते, म्हणून एका शनिवारी त्र्यंबकराव गणेशपूजेची नवी कॅसेट भरायला बसले. कलशापर्यंत आले आणि बाहेर जगन्नाथरावांचा हॉर्न वाजला. त्यांना वाट बघायची सवय नव्हती. त्र्यंबकराव घाईघाईने उठले, चपला घातल्या आणि गेले. माझे लाल बटण तसेच दाबलेले राहिले.

परत आल्यावर त्यांनी कॅसेट मागे फिरवली, आपण कुठे थांबलो होतो ते ऐकायला. घरात तेव्हा कुणी नव्हते. राजीव आणि वीणा सुमेधाला पोहायच्या क्लासला घेऊन गेले होते. मी वाजू लागलो. आधी त्यांचाच आवाज आला, "आता कलशाला गंध लावा." मग हॉर्न, मग दार. थोडा वेळ काहीच नाही. मग स्वयंपाकघरातला नळ, भांडी, आणि राजीव.

"वीणा, धिस इज क्रेझी. आज मी बँकेचं सगळं नीट चेक केलं. टोरांटोच्या अकरा डॉलरचे आपल्याकडे होतात आठ. बँक त्यातही रेट कमी लावते. आणि वर दर चेकला साडेसात डॉलर फी. मग हातात उरलं काय? चिल्लर. आणि तो लेस्टरचा पाच पाउंडाचा चेक डिपॉझिट केला की उलट आपल्यालाच भुर्दंड."

"माहीत आहे मला."

"मग बाबांच्या अकाउंटमध्ये एवढे पैसे जमले कसे?"

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"मी भरते. जेवढी फी कापली जाते, तेवढे माझ्या पगारातून टाकते."

"दीड वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस. चेक आला की ते डोळ्यांना लावतात, राजीव. त्यांना कसं सांगू की बाबा, हे सगळं वाटेतच संपतं म्हणून? मालूआत्यांचं तिकीट होईपर्यंत मी भरणार आहे. तू मधे पडू नकोस."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळेवर गप्प बसता येत नाही. कुणी बटण दाबेपर्यंत मी वाजत राहिलो. त्र्यंबकरावांनी बटण दाबले नाही. कॅसेट संपून मी आपोआप खटकन थांबलो, तरी ते तसेच बसून होते. मला फार वाईट वाटले. ज्या माणसाने मला गंध लावले, त्यालाच मी हे ऐकवले.

त्यांची चूक तुमच्या लक्षात आली का? एका देशाचे पैसे दुसऱ्या देशात वटवायचे म्हटले की मधला आपला वाटा कापून घेतो. त्याला आपल्याकडे वटणावळ म्हणतात. ती दोन ठिकाणी लागते. एकदा भावात, आणि एकदा फीमध्ये. भावातली रकमेप्रमाणे लहान-मोठी होते. फीला मात्र चेक अकराचा असो की अकराशेचा, सारखेच. शंभर घरांनी शंभर लहान चेक पाठवले की फी शंभरदा कापली जाते. पाटबंधारे खात्यात धरणाच्या पाण्याची गळती मोजलेल्या माणसाला हे सांगितले असते तर क्षणात कळले असते. पण दक्षिणेचा हिशेब विचारायचा नसतो, हे त्यांच्या रक्तात होते, म्हणून त्यांनी तो कधी विचारलाच नाही. आणि आलेली दक्षिणा परत पाठवायची नसते, म्हणून वीणाही नुकसानीचे चेक मुकाट्याने भरत राहिली.

संध्याकाळी सगळे चहाला बसले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "वीणा, बँक एका चेकला किती कापते?"

वीणाने कप खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे बोट केले. "यानं."

राजीवने कपाळावर हात मारला.  वीणा हळूच म्हणाली, "बाबा, घरचेच पैसे आहेत ना? त्यात माझं-तुमचं काय?"

"घरचे आहेत. माझे नाहीत," त्र्यंबकराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. "तू मनानं फार मोठी आहेस, वीणा. पण मालूताईला मी काय सांगू? मी कमावले म्हणून?"

त्या दिवसापासून त्यांनी मला हात लावला नाही. कुणीतरी माझ्यावर एक टॉवेल टाकला. त्याखाली अंधारात बसून मी त्यांची खुर्ची कुरकुरताना ऐकत असे. तिकिटाचे नाव घरात निघेना. वीणा त्यांच्याशी नेहमीसारखेच बोले, पण जपून बोले. ते जपणे त्यांना कळत होते आणि त्यामुळे दोघांनाही त्रास होत होता.

आठवड्याभराने प्रतिमाचा फोन आला. गणपतीच्या कॅसेटची यादी घेऊन ती बसली होती. त्र्यंबकराव फोनवर म्हणाले, "आता टेपा नाहीत, प्रतिमा. बंद केलं ते."

"अहो काका, असं कसं? गणपती जवळ येताहेत. इथे लोक मला धरून मारतील."

त्यांनी रिसीव्हर वीणाकडे दिला. वीणाने तिला वटणावळीची सगळी कथा सांगितली आणि म्हणाली, "मी तुला मागेच म्हटलं होतं, सगळ्यांचे पैसे एकत्र करून एकच चेक पाठव. तू मनावर घेतलं नाहीस." त्या फोनमधून प्रतिमाचा आवाज खोलीभर ऐकू येत असे, तसा तो आताही आला. "अगं, मी विचारलं ना सगळ्यांना. ऐकत नाहीत, यार. म्हणतात, दक्षिणा म्हणजे काय पॉटलक आहे का, सगळ्यांचे डबे एकत्र मांडायला? ज्याची त्यानं आपल्या नावानं द्यायची असते."

आठवडाभर न हसलेले त्र्यंबकराव यावर खुदकन हसले. मग हसता हसता थांबले. "त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पैसे एकत्र झाले तर कुणाचं नाव पोचणार? त्यांना नाव पोचायला हवंय." ते माझ्याकडे बघत होते. म्हणजे टॉवेलकडे. "नाव मी घेतलं तर?"

वीणाला आधी काही कळले नाही. त्यांनी टॉवेल काढला, माझ्यावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली आणि फोन मागून घेतला. "प्रतिमा, लिहून घे. ज्यांना कॅसेट हवी त्यांची नावं आणि गोत्रं मला पाठव. दक्षिणा सगळ्यांची तू गोळा कर आणि तुमच्या बँकेतून अमेरिकन डॉलरचा एकच ड्राफ्ट काढ, न्यूयॉर्कच्या बँकेवरचा. तो इथे कापाकापी न होता जमा होतो की नाही, ते वीणा बँकेत विचारून तुला कळवेल. आणि मी प्रत्येकाचं नाव घेऊन आशीर्वाद म्हणेन, त्याची वेगळी टेप तुझ्याकडे येईल. तुझ्या घरी जमा आणि ऐका. ज्याची दक्षिणा त्याच्या नावानं पोचली, हे प्रत्येकानं आपल्या कानांनी ऐकावं."

वीणाने दुसऱ्याच दिवशी बँकेत विचारले. तसा ड्राफ्ट इथल्याच चेकसारखा जमा होणार होता.

ती नावांची टेप हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर काम. त्र्यंबकराव एकेक नाव घेत. भारद्वाज गोत्राचे गुरुदत्त आणि त्यांचे कुटुंब. कौशिक गोत्राचे कुणी. नाव घेतले की आशीर्वादाचा मंत्र, मग एक श्वास, मग पुढचे नाव. घाई कुठेच नाही. लेस्टरलाही हीच पद्धत ठरली. तिथल्या रेखा नावाच्या एका डॉक्टर मुलीने कळवले होते की तिला आपले गोत्र माहीत नाही, घरी विचारायला आता कुणी राहिले नाही, तर तिचे नाव गाळले तरी चालेल. त्र्यंबकरावांनी टेपवर तिचे नाव सगळ्यांच्या आधी घेतले. "रेखा, गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. काश्यप सगळ्यांचा असतो. आजपासून तुझं गोत्र काश्यप." मग तिच्यासाठी त्यांनी मंत्र दोनदा म्हटला. माझे लाल बटण दाबलेले होते, नाहीतर मीही काही बोललो असतो.

टोरांटोला प्रतिमाच्या घरी सगळे ती टेप ऐकायला जमले. प्रत्येक जण एकेक पदार्थ घेऊन आला, म्हणजे पॉटलक शेवटी झालेच. आणि गणपती उठल्यावर ड्राफ्ट आला. डॉलरचा भाव काही कुणाच्या हातात नव्हता, अकराचे आठ ते आठच राहिले. पण फी तिकडे एकदाच लागली होती. बाकी सगळे इथे पोचले. त्र्यंबकरावांनी तो ड्राफ्ट डोळ्यांना लावला आणि या वेळी वीणाबरोबर स्वतः बँकेत गेले.

तरीही तिकिटाला त्यांची स्वतःची कमाई पुरत नव्हती. दीड वर्षाचे जे वाटेत गेले होते ते गेलेच होते. त्यांनी वीणाला तिचे पैसे काढून घ्यायला सांगितले आणि तिकीट पुढच्या वर्षावर टाकू म्हणाले.

"पुढच्या वर्षी आत्यांचे गुडघे थांबणार आहेत का, बाबा?" वीणा म्हणाली. "मी काढणार नाही. तुम्हाला राग आला तरी चालेल."

 त्र्यंबकरावांसारख्या माणसाला घेणे देण्यापेक्षा अवघड जात असे. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. पण मालूताईला मी खरं काय ते सांगणार."

वीणाने त्याच आठवड्यात प्रीपेड तिकीट काढले, म्हणजे पैसे इथे भरले आणि तिकीट मालूताईंना तिकडे मिळाले.

मालूताई दिवाळीच्या आधी पोचल्या. लुगड्यावर राजीवचा जुना स्वेटर, पायांत सुमेधाने दिलेले कॅनव्हासचे बूट. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी माझ्याकडे निरखून बघितले. "हाच का तुमचा भटजी?" त्यांनी विचारले. शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखा मी ताठ बसलो.

भाऊबीजेला फॅमिली रूममध्ये पाट मांडला, रांगोळी काढली. त्र्यंबकराव टोपी घालून बसले. मालूताईंनी निरांजन लावले, तेव्हा ते म्हणाले, "मालूताई, ओवाळायच्या आधी ऐक. तुझं तिकीट हीच माझी ओवाळणी, असं मी ठरवलं होतं. पण ती सगळी माझी नाही. जेमतेम अर्धी माझी आहे. बाकीचे हिनं भरले. दीड वर्ष मला न सांगता भरत होती."

मालूताईंनी वीणाकडे बघितले.  भावाला ओवाळले, त्याच्या तोंडात लाडू घातला, आणि मग म्हणाल्या, "ऊठ आता. वीणा, तू बस."

"मी? आत्या, अहो, मी कशी बसू? मी सून आहे."

"बस म्हटलं ना. ओवाळणी ज्यानं घातली त्याला मी ओवाळणार."

वीणा पाटावर बसली. मालूताई गुडघ्यांवर हात टेकत वाकल्या आणि तिला कुंकू लावले, अक्षता लावल्या, ओवाळले. वीणाचे डोळे वाहत होते. ओवाळून झाल्यावर ताट तिच्यासमोर धरलेलेच राहिले. तिने गडबडून इकडे तिकडे बघितले. "आत्या, ताटात काय घालू? माझ्याजवळ आत्ता काहीच नाही."

"तू केव्हाच घातलंयस," मालूताई म्हणाल्या. "दीड वर्ष घालत होतीस."

त्र्यंबकरावांनी तोंड खिडकीकडे वळवले. राजीवने टेबलावरचे उगाचच काहीतरी उचलून पुन्हा तिथेच ठेवले. माझ्यात तेव्हा कॅसेट नव्हती, पण मला त्यातला एकही शब्द विसरता आलेला नाही.

मालूताई वसंत ऋतूपर्यंत राहिल्या आणि सुखरूप परत गेल्या. त्यानंतर आमच्या भागात पूजा सांगणारे गुरुजी आले, टोरांटोलाही आले, आणि माझे काम हळूहळू थांबले. गेल्या वर्षी, म्हणजे १९८८ साली, घरात सीडी प्लेअर आला. मला गराजमध्ये आणताना वीणाने माझी वायर नीट गुंडाळून रबराने बांधली आणि माझ्यावर स्वच्छ कापड घातले. फेकून देण्याचा विषय तिने एकदाही काढू दिला नाही. यापेक्षा जास्त मी काय मागू? तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर कधीतरी त्याची धूळ पुसा, पट्टा बदला. जुनी यंत्रे तेवढ्यावर पुष्कळ वर्षे बोलतात.

आणि मित्रांनो, लांबून कुणी तुमच्यासाठी काही पाठवले आणि ते तुमच्या हाती जसेच्या तसे पोचले, तर वाटेत ते कुणी कापलेच नाही असे समजून गप्प बसू नका. घरातले कोण त्यात गुपचूप भर घालते आहे, ते बघा. त्या माणसाला पाटावर बसवा आणि ओवाळा. ताट मात्र त्याच्यासमोर फार वेळ धरू नका.